मदत हवी आहे: आभासी मॅमोग्राफी चाचणीत दोन्ही तंत्रांचा एयूसी (दोष ओळखण्याच्या अचूकतेचं माप, कमाल १) ०.९९ येतोय

नमस्कार मंडळी,

माझ्या पीएचडीचा विषय डिजिटल मॅमोग्राफी (स्तनाचा साधा एक्स-रे) आणि टोमोसिंथेसिस (अनेक कोनांतून एक्स-रे घेऊन स्तनाचे थर दाखवणारं तंत्र) यांची तुलना हा आहे, पण सगळी चाचणी संगणकावरच. अमेरिकेतल्या एफडीए या औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली व्हिक्ट्रे चाचणी डोळ्यांसमोर आहे. त्यात २,९८६ आभासी स्त्रिया होत्या आणि प्रतिमा वाचणाराही संगणकच. निष्कर्ष टोमोसिंथेसिसच्या बाजूने लागला, आणि खऱ्या स्त्रियांवरच्या चाचणीतही कल तोच होता. एकाही बाईला जास्तीचा एक्स-रे न देता असं काही तपासता येतं, हेच मला या विषयाकडे घेऊन आलं.

माझ्याकडे चरबी, ग्रंथी, लिगामेंट आणि रक्तवाहिन्या असलेले स्तनाचे फॅन्टम, म्हणजे संगणकावरची प्रतिरूपं, आहेत. फाइनाइट एलिमेंट या गणिती पद्धतीने ते दाबून घेते, एमसी-जीपीयू या प्रोग्रॅमवर फोटॉनचं मॉन्टे कार्लो (एक्स-रेच्या एकेका कणाचा प्रवास यादृच्छिक आकड्यांनी काढणं) चालवते आणि शेवटी प्रतिमा वाचायला लागेर-गाउस चॅनेलचा हॉटेलिंग ऑब्झर्व्हर, म्हणजे वाचणाऱ्याचं गणिती मॉडेल, लावते. इथवर ठीक.

अडचण कॅल्सिफिकेशनच्या (स्तनातल्या कॅल्शियमच्या बारीक कणांच्या) पुंजक्यांची आहे. दोन्ही तंत्रांत एयूसी ०.९९ च्या आसपास येतो. दोघंही छताला टेकल्यावर तुलना कशाची करायची? व्हिक्ट्रेतही टोमोसिंथेसिसचा फायदा गाठींमध्ये जास्त आणि कॅल्सिफिकेशनमध्ये कमी होता, म्हणजे मला पकडायचा फरक मुळातच बारीक आहे.

डोस आणि डिटेक्टरचा नॉइज तपासला. प्रशिक्षणाच्या आणि चाचणीच्या प्रतिमा वेगळ्या फॅन्टममधून घेतल्या आहेत. पार्श्वभूमीच्या पॉवर स्पेक्ट्रमचा (पोतात बारीक-मोठे तपशील किती याच्या मापाचा) घातांक ३ च्या जवळ येतो, म्हणजे निदान या मापात तरी ऊतींचा पोत खऱ्या मॅमोग्रामशी जुळतो.

आता कॅल्सिफिकेशन बारीक करू की ऑब्झर्व्हरमध्ये इंटर्नल नॉइज (माणसाच्या वाचनातल्या अनिश्चिततेसारखी मुद्दाम घातलेली गडबड) घालू? दोन्हींनी आकडा खाली येईल, पण हवं ते उत्तर मिळेपर्यंत स्क्रू फिरवत बसणं मला पटत नाही. शिवाय एकाच फॅन्टमच्या नव्या नॉइजसह काढलेल्या प्रतिमा स्वतंत्र केस म्हणून मोजता येतात का? मॉन्टे कार्लोला वेळ फार लागतो, म्हणून विचारते. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. स्वतंत्र एकक म्हणजे फॅन्टम. एकाच स्तनाच्या अनेक प्रतिमा वेगवेगळ्या रुग्ण म्हणून मोजल्या तर एरर बार (अनिश्चिततेची पट्टी) खोटे बारीक दिसतील. बूटस्ट्रॅप करताना (त्याच केसेसमधून पुन्हा पुन्हा नमुने उचलून अनिश्चितता काढताना) पूर्ण फॅन्टम उचला, सुटी प्रतिमा नको.

एयूसीबद्दल. तुमच्या ऑब्झर्व्हरला पुंजका नेमका कुठे असेल हे आधीच ठाऊक असतं. रेडिओलॉजिस्टला तो अख्ख्या प्रतिमेत शोधावा लागतो, तोही असेल की नाही हे माहीत नसताना. हा शोध मॉडेलमध्ये नाही, म्हणून आकडा वर जाणारच. कॅल्सिफिकेशनचा आकार आणि घनता प्रकाशित मोजमापांच्या मर्यादेत ठेवा आणि कारण लिहून ठेवा. इंटर्नल नॉइज मात्र फक्त साध्या मॅमोग्राफीवर, माणसांच्या वाचनाशी जुळवून ठरवा. एकदा ठरला की गोठवा आणि टोमोसिंथेसिसला तसाच लावा, तिथे हात लावू नका. मग जो फरक उरेल तो तुम्ही घातलेला नसेल.

जुळवायला माणसांचं वाचन हाताशी आहे का? नसेल तर छोट्या कापलेल्या प्रतिमांवर दोन पर्यायांतून एक निवडण्याची चाचणी सहकाऱ्यांकडून करून घ्या. त्यातलं अचूक उत्तरांचं प्रमाण हाच एयूसी असतो, आणि त्यासाठी तज्ज्ञ रेडिओलॉजिस्टच हवा असं नाही.