पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत मातीच्या वाटांवर फोर बाय फोर नको

घोडबंदरकर :
ठाण्यात आणि नवी मुंबईत फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या, गाड्या झपाट्याने वाढल्या. २०२० साली नवी थार आली, २०२३ला जिम्नी आली, आणि जुनी जिप्सी सांभाळणाऱ्या मोजक्या लोकांचा छंद घरोघरी पोचला. मी स्वतः त्यातलाच आहे, म्हणून हे लिहायचा हक्क आहे असं समजतो. जून लागला की मुरबाड, बदलापूर, कर्जतच्या बाजूला गाड्यांच्या ज्या रांगा निघतात, त्या थांबल्या पाहिजेत. पहिला मोठा पाऊस झाला की दिवाळीपर्यंत मातीची वाट बंद, तिथे हौसेसाठी गाडी घालायची नाही, असा नियम आपणच आपल्याला घालून घ्यावा.

ओल्या मातीत चाक फिरलं की वरचा थर फाटतो आणि खालची माती दाबली जाऊन घट्ट बसते. घट्ट मातीत पाणी मुरत नाही, ते चाकोरीतून वाहू लागतं. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उतारावरची जूनमधली वीतभर चाकोरी सप्टेंबरात गुडघाभर ओघळ झालेली असते. मग पुढचा गाडीवाला ओघळ टाळायला शेजारच्या गवतातून जातो, त्याच्या मागचा आणखी बाजूने. एका वाटेच्या तीन वाटा होतात आणि तिन्ही खचतात.

दुसरं गाडी बांधण्याबद्दल. पहिला पैसा मिरवायच्या वस्तूंवर जातो : लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग), डिफरन्शियल लॉक (जोडीची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय), एमटी (चिखलासाठीचे खोल खाचांचे) टायर, लोखंडी बंपर आणि छतावरचे दिवे. वाट ज्यांनी वाचते त्या वस्तू स्वस्त आहेत : हवेचा गेज, छोटा कंप्रेसर, फावडं, झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा. टायरच्या आत जेवढा दाब, साधारण तेवढाच तो जमिनीवर देतो. ३२ पीएसआयवरून १८वर आणलं की जमिनीवरचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो, पकड वाढते, चाक जागच्या जागी गरगरत नाही. याला एक रुपया लागत नाही, तरी ट्रेलच्या तोंडाशी थांबून हवा काढणारे फार थोडे दिसतात.

फोर_लो :
पूर्ण असहमत. पाच महिने गाडी पार्किंगमध्ये ठेवायची असेल तर लो रेशो (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) घेतलाच कशाला? ओल्या जमिनीवर गाडी चालवणं ही शिकायची विद्या आहे आणि ती मे महिन्यात शिकता येत नाही. चढावर कुठे थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडायचा, रुतायच्या आधी कधी थांबायचं, ओढून काढताना बाकीच्यांनी कुठे उभं राहायचं, हे पावसातच कळतं. पूर आला की याच गाड्या आणि हेच चालक लोकांना बाहेर काढायला लागतात.

आणि नुकसानीचा सगळा भार आमच्यावरच का? चिखलणीला निघालेल्या ट्रॅक्टरची लोखंडी चाकं वाटेचं काय करतात ते बघा. पनवेल-उरणकडे दगडखाणींनी डोंगरच्या डोंगर कापले, डंपरनी रस्ते खाल्ले. त्यासमोर रविवारच्या चार थार म्हणजे काहीच नाही. शिवाय आम्ही गावात जेवतो, चहा घेतो, चार पैसे तिथे ठेवून येतो.

मुरबाडकर :
फोर_लो भाऊ, मी राहतो कळव्याला पण शेती गावाकडे आहे, म्हणून ट्रॅक्टरचं उत्तर मी देतो. ट्रॅक्टर स्वतःच्या नाहीतर शेजाऱ्याच्या खाचरात जातो. बांध फुटला तर संध्याकाळी तोच माणूस फावडं घेऊन बांधायला येतो, कारण बांध फुटला की पाणी त्याच्याच भातातून जातं. तुमच्या मागे बांध फुटला तर तो कोण बांधणार? जूनमध्ये आवणात (भाताच्या रोपवाटिकेत) रोपं वीतभर असतात. गाडी वळवायला जागा नाही म्हणून एक चाक आवणात घातलं, की त्या घराची लावणी अडली. चहाच्या पैशातून रोपं येत नाहीत.

आणखी एक. तुम्ही ज्याला ट्रेल म्हणता ते बऱ्याचदा गाडीरस्ता नसतंच. गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. एकेरी रेषेच्या वाटेवरून फोर बाय फोर नेली तर ती शेजारच्याच्या शेतात जाणारच.

पण घोडबंदरकर साहेब, तुमचंही सगळं पटत नाही. "वाट बंद" हा शब्द जपून वापरा. त्याच वाटेने आमच्याकडे आजारी माणूस खाली आणतात, पोरं शाळेत जातात. वाट चालूच राहणार. बंद व्हायची ती तुमची सहल.

तुर्भे_वर्कशॉप :
माझा रोजचा धंदा या गाड्या बांधायचा, म्हणून मुद्द्याचं बोलतो. घोडबंदरकर म्हणतात लिफ्ट आणि लॉक म्हणजे मिरवणं. पटत नाही. चढावर तीन चाकं टेकलेली आणि एक हवेत असलं, की साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) ताकद त्या हवेतल्या चाकाकडे पळते. मग चालक थ्रॉटल दाबतो आणि टेकलेली चाकं झटका घेऊन माती उकरतात. लॉक असेल तर तीच गाडी चालण्याच्या वेगाने, आवाज न करता चढते. फोर्स गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक कंपनीतूनच येतात, थारच्या काही व्हेरियंटना मागे मेकॅनिकल लॉक मिळतो, जिम्नी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काम भागवते. वाट राखायची असेल तर पैसे लॉकवर घाला, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो.

पोटाचंही तसंच. बदल न केलेल्या जिम्नीचा पोटाखालचा कोन २४ अंश, थारचा २७. गाडी उंचवट्यावर पोट टेकून अडकली तर तिला ओढून काढताना जेवढी जमीन खरवडली जाते तेवढी चार गाड्या नीट गेल्याने खरवडली जात नाही. पण उंची वाढवायची किती? गुरुत्वमध्य वर गेला की आडव्या उतारावर गाडी कलंडते, ड्राइव्हशाफ्टचे (चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याचे) सांधे वेड्या कोनात फिरून लवकर जातात. पाऊण-एक इंच आणि चांगले शॉक एवढ्याने आपल्याकडच्या बहुतेक वाटा होतात. चार इंचांची लिफ्ट मागायला येतात त्यांना मी परत पाठवतो.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ : उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलबारवर (गाडीच्या पुढे बसवलेल्या लोखंडी दांड्यांवर) कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कळवलं होतं. पादचाऱ्याला तो जीवघेणा ठरतो. मी तो बसवत नाही.

विंचबद्दल (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणाऱ्या यंत्राबद्दल) थोडं, कारण यात माणसं जखमी होतात. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्या. दोरावर जाड गोधडी किंवा डॅम्पर (त्यासाठीचं वजनदार आवरण) टाका, दोर तुटला तर तो कमी उसळतो. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीही हुक लावू नका, तो तुटून गोळीसारखा सुटतो. आणि झाडाला तार किंवा साखळी थेट गुंडाळू नका. सालीच्या लगेच खाली झाडाचं अन्न वाहतं. तिथे गोल चर पडला की ऐन असो नाहीतर कुंभा, पुढच्या काही वर्षांत उभा वाळतो. रुंद नायलॉनचा पट्टा घ्या, तोही जाड बुंध्याला आणि अगदी खाली.

रानमोडी :
हे नाव मी मुद्दाम घेतलंय. रानमोडी आणि गाजरगवत ही दोन्ही परकी तणं, आणि चाकाच्या खाचांत व मडगार्डच्या आत अडकलेल्या चिखलातून त्यांचं बी एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातं. गाडी परतल्यावर धुणारे खूप आहेत. निघण्याआधी खालून धुणारं कुणी पाहिलंय? आणि धुवायची ती घरी किंवा वॉशिंग सेंटरला, ओढ्यात उभी करून नाही. ग्रीस आणि ऑइल खालच्या पाणवठ्यावर जातं.

काही ठिकाणी तर महिन्याचा वाद घालायचीच गरज नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तानसा, कर्नाळा आणि सिद्धगडाचा बराचसा परिसर अभयारण्यात येतो. तिथे परवानगीच्या रस्त्याबाहेर चाक घालणं बाराही महिने गुन्हा आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणं भारतीय वन कायद्याच्या कलम २६खाली येतं. नवी मुंबईत खाडीकाठची कांदळवनं उच्च न्यायालयाच्या आदेशाने संरक्षित आहेत आणि ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा पट्टा २०१५पासून अभयारण्य आहे. खाडीकाठच्या चिखलात गाडीची मजा करू नये, एवढं सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

फोर_लो :
अभयारण्य, कांदळवन, आवण, बांध : यावर माझा वाद नाही आणि नव्हताही. खाणींचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण तो आपल्या वागण्याला उत्तर नाही हे मान्य.

कॅलेंडर लावून बंदी मात्र चुकीची आहे. ऑगस्टमध्ये आठ दिवस उघडीप असली की मुरमाड वाट टणक असते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस एका रात्रीत तीच वाट लोणी करतो. म्हणून महिना बघू नका, माती बघा. गाडीतून उतरा, टाच जोरात रोवा. टाचेच्या खड्ड्यात पाणी जमलं किंवा माती बुटाला चिकटून आली, तर परत फिरा. खडकाळ आणि मुरमाड वाटा चालू ठेवा, लाल मातीच्या सोडा. नवशिक्यांना एखाद्या मालकाच्या परवानगीने पडीक जागेत शिकवा. चिखल तिथे हवा तेवढा उडवा.

घोडबंदरकर :
टाचेची कसोटी चांगली आहे, मी वापरीन. पण ती एका गाडीला लागू पडते. बारा-पंधरा गाड्यांच्या ताफ्यात पहिल्या गाडीला जी माती टणक लागली, तीच दहाव्या गाडीखाली खळ झालेली असते. आणि कसोटी घ्यायची कोणी? पहाटे उठून, घाटाखालचं ट्रॅफिक काढून, घरच्यांना घेऊन आलेला माणूस वाटेच्या तोंडाशी टाच रोवून परत फिरेल, यावर माझा विश्वास नाही. मागे पंधरा गाड्या हॉर्न वाजवत असताना तर नाहीच. म्हणून मला आधी ठरवलेली तारीख हवी. ज्या क्षणी मोह सर्वांत जास्त असतो, त्या क्षणी निर्णय घ्यायची पाळीच येऊ नये.

मुरबाडकर, तुमची दुरुस्ती मान्य : सहल बंद, वाट नाही. तुर्भेवाल्या दादांचं लॉकबद्दलचंही पटलं. एक विनंती आहे. ऑक्टोबरात पंधरा गाड्या माणसं आणि सामान घेऊन आल्या, तर ओघळ बुजवायला काय करायचं?

मुरबाडकर :
आधी पोलीस पाटलाला आणि ज्यांची खाचरं वाटेला लागून आहेत त्यांना विचारा. परस्पर येऊन कुदळ मारू नका. ओघळ मातीने भरू नका, पहिल्याच सरीत वाहून जाईल. आधी पाणी वळवायचं. ओघळ जिथून सुरू होतो त्याच्या वर, वाटेला तिरपा असा दगडांचा आड घाला, म्हणजे पाणी चाकोरी सोडून कडेच्या गवतात जाईल. ते कुणाच्या खाचरात जाणार नाही ना, एवढं बघा. मग खाली मोठे दगड, वर लहान, त्यावर मुरूम, आणि धुमसाने ठोकून बसवा. उतार जास्त असेल तर आड जवळजवळ घालावे लागतात. दगड वाटेच्या कडेचे उचलू नका, तेच कड धरून असतात. गाडीतून आणा.

फोर_लो :
दगड आणि मुरूम आणायला माझी गाडी धरा. तारखेच्या बंदीला विरोध कायम आहे. मी सहा गाड्यांच्या वर ताफा नेणार नाही आणि टाचेची कसोटी घेईन, त्यापुढे मला बांधून घालू नका. मुरबाडकर, तो गाव नकाशा कुठे मिळतो?

मुरबाडकर :
तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की नक्कल मिळते. गावाचं नाव नीट लिहा, आमच्याकडे एकाच नावाची दोन-दोन गावं आहेत.