पेजमेकर लिनक्स मिंटवर चालेल का? सोबत डोंगलवालं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर पण आहे

जांभळीनाका_प्रेस
नमस्कार मंडळी. ठाण्यात काकांचं छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या एजीएमच्या नोटिसा, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं असली कामं. पीसी चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकून घेतलाय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही, टीपीएम २.० ही सिक्युरिटी चिप नाही आणि प्रोसेसरही यादीत नाही. काका नवीन पीसी घेणार नाहीत, त्यांचं म्हणणं चालतंय ना, मग हात लावू नको. मी घरी लिनक्स मिंट वापरतो, विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, तेच दुकानात टाकावं म्हणतोय, पण सगळं काम पेजमेकर ७ वर, म्हणजे पानं मांडायच्या विंडोजवरच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आहे आणि मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल, म्हणजे कुलूप-किल्लीसारखी पेनड्राइव्हएवढी वस्तू, लावल्याशिवाय उघडतच नाही. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाईन आहे, त्यावर हे होईल का? कोणी केलंय का असं?

ऐरोली_टर्मिनल
पेजमेकरची काळजी नको, डोंगलची करा. का ते सांगतो.

वाईन टाकलं म्हणजे आत विंडोज बसत नाही. पेजमेकर विंडोजकडे मागणी करतं, ही फाइल उघड, इथे विंडो काढ, ती मागणी वाईन मधल्यामधे झेलतं आणि लिनक्सला समजेल अशी करून पुढे देतं. प्रोसेसर तोच असल्यामुळे प्रोग्रामचा कोड थेट चालतो, म्हणून साध्या कामात स्पीडला फारसा फरक पडत नाही. प्रोजेक्ट १९९३ पासून चालू आहे आणि १.० यायला २००८ उजाडलं, कारण विंडोजचे हजारो कॉल त्यांच्या सगळ्या खोडींसकट नव्याने लिहायचे होते. गंमत म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातले १६ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत, वाईनवर त्यातले बरेच आजही उघडतात.

पण डोंगलचा ड्रायव्हर चालतो कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, आणि इथे कर्नल लिनक्सचा. विंडोजचा ड्रायव्हर त्यात जाऊन बसणार कसा? डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर असेल तर थोडी आशा, नाहीतर सॉफ्टवेअर 'लॉक सापडलं नाही' म्हणून बंद होणार.

तरी ट्राय करायचं तर पेजमेकर आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर दोन्ही एकाच प्रिफिक्समध्ये टाका. प्रिफिक्स म्हणजे वाईनचा खोटा सी ड्राइव्ह, होम फोल्डरमध्ये लपलेला असतो. वेगळ्या प्रिफिक्समध्ये टाकलंत तर टायपिंगच्या सॉफ्टवेअरची अक्षरं पेजमेकरला मिळणार नाहीत, आणि लिनक्सच्या स्वतःच्या विंडोत, म्हणजे लिब्रेऑफिस वगैरेत, ते टायपिंग तसंही चालणार नाही. प्रिंटरचं टेन्शन नाही, मिंटमध्ये जो लावलाय तो वाईनला आपोआप दिसतो. वाईन प्रिंटला पोस्टस्क्रिप्टच, म्हणजे छपाईसाठी पानाचं वर्णन करणारी भाषा, पाठवतं आणि पेजमेकरला तीच मानवते.

घणसोली_नोड
वरच्यांचं बरोबर आहे, पण धंद्याच्या मशीनवर प्रयोग कशाला? सरळ व्हर्च्युअलबॉक्स टाका, ते पीसीच्या आत दुसरा खोटा पीसी (व्हर्च्युअल मशीन, व्हीएम) बनवतं, त्यात विंडोज ७. दुकानात जुनं लायसन पडलं असेलच. यूएसबी डोंगल थेट आतल्या विंडोजला देता येतो, फक्त आपला युजर व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्ये टाकून एकदा रीस्टार्ट करा, नाहीतर यूएसबीची लिस्ट रिकामी दिसते आणि माणूस डोकं धरून बसतो. आतल्या विंडोजला २ जीबी रॅम पुष्कळ झाली. नेटवर्क अडॅप्टर मात्र बंद ठेवा, विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. फाइली शेअर्ड फोल्डरमधून ने-आण करायच्या, त्याला आतल्या विंडोजमध्ये गेस्ट ॲडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचंच जोडसॉफ्टवेअर टाकावं लागतं. मेल, व्हॉट्सॲप वेब, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह सगळं मिंटवरच.

माझा पुतण्या ह्याच वाईनवर बेतलेल्या प्रोटॉनवर गेम खेळतो, वाल्व्ह ह्या गेम कंपनीने २०१८ मध्ये काढलं ते, आणि त्याचं सगळं मस्त चालतं. गेमवाल्यांसाठी कंपनी पैसा ओतते हो, पत्रिका छापणाऱ्यांसाठी कोण ओतणार!

वाशीची_डीटीपीवाली
व्हीएमला माझंही मत. पण एक विचारते दादा, जुन्या फाइली उघडायच्यात की नवीन कामही त्याच फॉन्टवर करत राहायचंय? ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही एकत्र केल्यात.

ते जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षर-कोडचे, नाहीत, रोमन अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली आहेत. फॉन्ट काढला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी कचरा दिसतो. लिब्रेऑफिस ड्रॉ ४.४ पासून, म्हणजे २०१५ पासून, पेजमेकरच्या फाइली उघडतं, पण मांडणी इकडेतिकडे होऊ शकते आणि मजकूर त्याच जुन्या कोडमध्ये राहतो. म्हणून जुन्या फाइलींसाठी व्हीएम ठेवा.

नवीन काम स्क्रायबसमध्ये करून बघा, पेजमेकरसारखंच पानं मांडायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. पूर्वी त्यात जोडाक्षरं फुटायची म्हणून लोकांनी नाव टाकलंय, पण १.५.३ पासून ते सुधारलं आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ आलं, तेच घ्या. फॉन्ट मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी, सगळे फुकट आणि युनिकोड. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं तो थेट पेस्ट होतो, पुन्हा टाइप करायचा नाही, काकांना एवढं एकच दाखवा. छपाईची प्लेट बनवणाऱ्याला पीडीएफच हवी असते, ती कुठून आली हे तो विचारत नाही. कॅलिग्राफीवाली पत्रिकेची अक्षरं मात्र जुन्या फॉन्टचीच भारी दिसतात, ती व्हीएममधून काढा. मला अजून त्या तोडीचं फुकटात काही मिळालेलं नाही.

जांभळीनाका_प्रेस
थँक्यू ताई आणि सगळ्यांना. रविवारी दुकान बंद असताना करून बघितलं. वाईनमध्ये डोंगल नाहीच दिसला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ टाकून डोंगल दिला तर टायपिंग चालू झालं, पेजमेकरमध्ये गेल्या वर्षीचं पावतीपुस्तक जसंच्या तसं उघडलं. काकांनी फुल स्क्रीन बघून विचारलं, मग बदललंस काय? स्क्रायबसचं नंतर बघू, सध्या मंडळवाल्यांची घाई आहे. आता बॅकअप कसा ठेवायचा, दर वेळी आतलं विंडोज पुन्हा टाकायला नको.

ऐरोली_टर्मिनल
व्हीएम पूर्ण शटडाऊन करा, सेव्ह स्टेट (चालू स्थितीत गोठवणं) नको, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या मेनूतून एक्स्पोर्ट अप्लायन्स करून जी फाइल येईल ती बाहेरच्या हार्डडिस्कवर टाका. मशीन मेलं तर दुसऱ्या कुठल्याही इंटेल-एएमडीच्या पीसीवर इम्पोर्ट होते. फक्त डोंगलचा बॅकअप नाही निघत, तो पुढच्या यूएसबीला लटकवू नका, खुर्ची लागून तुटेल. मागच्या पोर्टला लावा.