आठवड्याला पाच अक्षरं? साडेतीन वर्षांच्या पोराला?

मृण्मयी_ठाणे
काल इथे एका बाबांनी मुलाच्या वाचनपूर्व तयारीचं वेळापत्रक टाकलं होतं, सोबत भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याचा फोटो. मुलगा साडेतीन वर्षांचा, आठवड्याला पाच अक्षरं, दहा आठवड्यांत सगळे स्वर-व्यंजनं संपवायची, मग बाराखडी. रोज संध्याकाळी अर्धा तास आणि शनिवारी टेस्ट. खाली लिहिलं होतं, बसत नाही म्हणजे सवय लागलेली नाही, सवय लावावी लागते. त्यावर चाळीसेक जणांनी पीडीएफ मागितली म्हणून लिहितेय, नाहीतर गप्प बसले असते.

मी हे केलंय हो. मोठ्याच्या वेळी. चौथ्या वाढदिवसाला त्याला सगळी अक्षरं येत होती, येईल त्याला म्हणून दाखवायचा, मी फुलून जायचे. मग एक दिवस मी पाटीवर "कमळ" लिहिलं आणि वाच म्हटलं. तो म्हणाला, "कमळाचा क, मगरीचा म, बाळाचा ळ." मी म्हटलं हो, मग काय झालं? तो परत तेच म्हणाला, जरा हळू, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. एवढी अक्षरं येत होती पण तीन आवाज जोडले की शब्द होतो हे त्याला माहीतच नव्हतं, कारण ते मी कधी केलंच नव्हतं. मी फक्त चित्रं पाठ करून घेतली होती. पुढे पाटी काढली की तो पलंगाखाली जायचा.

धाकटीला साडेचारपर्यंत एकही अक्षर दाखवलं नाही. नुसते आवाज. भाजी निवडताना "म"ची वस्तू शोध, मग मेथी, मिरची, मीठ. जिना उतरताना टाळ्या, ब-टा-टा तीन, भेंडी दोन. हे जमायला लागल्यावर अक्षरं आली, आणि ती भराभर आली. माझं म्हणणं एवढंच आहे की वेग कॅलेंडरनं ठरवू नका, पोराच्या कानानं ठरवा.

रोहन_पिंपरी
ते बाबा मीच. नाव घेतलं नाहीत पण सगळ्यांना कळलंय.

मॅडम, तुमच्याकडे जिना उतरताना टाळ्या वाजवायला वेळ आहे, चांगली गोष्ट आहे. मी शिफ्टमध्ये काम करतो, बायकोला घरी यायला साडेसात होतात, आईवडील लातूरला. मुलगा दिवसभर पाळणाघरात, तिथे हिंदी. शाळा इंग्लिश मीडियम लागणार. मराठी ऐकवा म्हणता, कोण ऐकवणार? माझ्या हातात तो अर्धा तासच आहे, तो मी ठरवून वापरला नाही तर तोही जाईल.

आणि "आपोआप येईल" म्हणणाऱ्यांचं काय होतं ते माझ्या बहिणीच्या घरी बघितलंय. भाचा चौथीत आहे. माझ्या वडिलांनी त्याला वाढदिवसाला मराठीत पत्र लिहिलं, चांगलं दोन पानी. पोरानं ते आईकडे दिलं, तू वाचून दाखव म्हणाला. वडील तिथेच बसले होते. मला ते परत बघायचं नाहीये.

मृण्मयी_ठाणे
आपोआप येईल असं मी कुठेही लिहिलेलं नाही. कृपया परत वाचा.

प्राजक्ता_नगर
मी तर याच्याही पुढे गेले होते. लहान पोरांना वाचायला शिकवायची ग्लेन डोमन या अमेरिकन माणसाची पद्धत आहे, तिची फ्लॅश कार्डं, लाल मोठी अक्षरं, पाच शब्दांचा सेट, दिवसातून तीन वेळा भराभर दाखवायची. मुलगी दोन वर्षांची असताना "पाणी" वाचायची, सगळे थक्क. ते कार्ड फाटलं म्हणून मी नवीन केलं तर तिला ओळखता येईना. जुन्या कार्डाच्या कोपऱ्याला हळदीचा डाग होता, ती डाग बघून पाणी म्हणायची. त्या दिवशी सगळी कार्डं माळ्यावर टाकली.

शैलजा_बालवाडी
मी २७ वर्षं बालवाडीत होते, म्हणून बोलते. दोघांचं थोडं थोडं चुकतंय.

रोहन, अ आ इ ई या क्रमानं सुरुवातच नको. जुने मास्तर ग म भ न पासून सुरू करायचे ते उगीच नाही. वळण सारखं, हात एकदा बसला की चारही येतात, आणि लगेच मग, गम, नग, मन, नभ असे शब्द होतात. पोराला दुसऱ्या आठवड्यात कळतं की यातून काहीतरी निघतं. तुमच्या क्रमानं पहिला पूर्ण शब्द कधी येणार? आणि वेलांटीला थांबायचंच. "कि" मध्ये वेलांटी आधी लिहायची आणि म्हणायची मागून, तिथे भले भले अडतात. डहाणूजवळच्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यावरच्या पोरांना पानं, दगड, शिंपले घेऊन शिकवलं, अक्षर त्यानंतर. पण रोज ठरलेली वेळ हवीच, हे मृण्मयीताईंनी लक्षात घ्यावं.

दुसरं, तुमच्या फोटोतल्या तक्त्यावरचे ल आणि श हिंदी आहेत. आधी तो तक्ता बदला.

केदार_इंदूर
हे काय आता? आमच्या चार पिढ्या इंदूरला, आम्ही तोच ल वाचून मोठे झालो, मराठी लिहितो, मराठी बोलतो. उभ्या दांडीचा ल काढला म्हणून कोणी कमी मराठी होत नाही.

शैलजा_बालवाडी
तुम्हाला कमी कोण म्हणालं? ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय आहे, मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. पहिलीचं पुस्तक तसंच छापलेलं असतं. पोर घरी एक ल बघतं, पुस्तकात दुसरा, आणि मोबाईलवर परत पहिला. सहा वर्षांच्या पोरीनं मला विचारलंय, "बाई, हा खोटा ल आहे का?" काय सांगू तिला?

केदार_इंदूर
सांगा की दोन्ही ल आहेत! आपण "अ" दोन तऱ्हेनं लिहिलेला वाचतोच ना. माझ्या आजीला मोडी यायची, बाळबोध यायची, दोन्ही एकाच वहीत. पोरांना एवढं दुबळं समजू नका. आणि शासन निर्णय महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराला विचारून निघाला नव्हता.

शैलजा_बालवाडी
मोठेपणी दोन काय चार ल वाचतील. पहिल्या वर्षी एकच हवा. घ-ध, भ-म यातच पोरं गोंधळतात, त्यात अजून भर कशाला? वर्गात ३८ पोरं घेऊन बसून बघा एकदा.

प्राजक्ता_नगर
शैलजाताईंशी सहमत. बाजारात मिळणाऱ्या निम्म्या तक्त्यांवर तोच ल. आणि "ञ" समोर काय चित्र काढावं ते त्यांना कळत नाही म्हणून सरळ कोरी चौकट.

केदार_इंदूर
म्हणजे आमचं शुद्धलेखन तपासायचं आणि वर अनुभव ऐकवायचा. बरं. मी थांबतो, पण माझ्या मुलीला मी आजीच्या वहीतलाच ल शिकवणार.

मृण्मयी_ठाणे
मूळ विषय राहिला बाजूला. रोहन, तुम्ही पत्राचं लिहिलंत ते मी रात्री परत वाचलं. तुमच्या घरी मराठी कानावरच पडत नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या सासूबाई दिवसभर बोलत असतात त्यामुळे मला ते फुकट मिळालं. तेवढं तुमचं बरोबर. पण मग तर तुमच्या अर्ध्या तासात आवाजांची गरज जास्त आहे, अक्षरांची कमी! नव्या शैक्षणिक धोरणातही पहिलीला सहा पूर्ण लागतात. तुमच्याकडे अडीच वर्षं आहेत, दहा आठवडे नाहीत. आणि शनिवारची टेस्ट बंद करा, हे मात्र मी हात जोडून सांगते. पलंगाखालून पोराला बाहेर काढायला मला दीड वर्ष लागलं.

रोहन_पिंपरी
टेस्ट बंद करतो. तशीही मागच्या शनिवारी तो रडला होता, ते मी पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं.

वेळ सोडणार नाही. अर्ध्याचा पाव तास केला, पण रोजचा रोज. काल अक्षरं काढली नाहीत, कुकर लावला आणि त्याला शेजारी ओट्यावर बसवलं. कुकरचा क, म्हटलं, अजून कोण? कांदा म्हणाला, काका म्हणाला, मग बराच वेळ गप्प, आणि शिट्टी झाल्यावर "कढई" म्हणून ओरडला. तेवढ्यात बारा मिनिटं गेली होती. ग म भ न पुढच्या महिन्यात बघू, आत्ता घाई करत नाही. तक्ता भिंतीवर आहे, तो काढणार नाही, पैसे घालून आणलाय.

शैलजा_बालवाडी
काढू नका. ल आणि श वर पांढरा कागद चिकटवा आणि स्केचपेननं मराठी काढा. वळण कसं घ्यायचं त्याचा फोटो मी संध्याकाळी टाकते.