एम.एस्सी. की एमबीए? घरातला तिसरा मुलगा आहे, शिष्यवृत्ती मिळेल का?

अनेरकाठ
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातला आहे. यंदा बी.एस्सी. रसायनशास्त्र झालं, सीजीपीए ८.६. आम्ही ओबीसी. साडेचार एकर शेती, त्यात दीड एकर केळी. मे महिन्यातल्या वादळात निसवलेली अर्धी बाग आडवी झाली. वडिलांच्या हातात यंदा काहीच नाही.

समोर दोन वाटा आहेत. एक म्हणजे जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम.एस्सी. दुसरी, पुण्यात एमबीए. सीईटीत गुण कमी पडले, पण तिथल्या एका कॉलेजचे सर रोज फोन करतात. संस्थास्तरावर (म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातून) सीट देतो, शिष्यवृत्तीचं आम्ही पाहून घेऊ, आधी दहा हजार भरून सीट धरून ठेवा, असं म्हणतात.

मोठ्या भावाने डिप्लोमाला आणि मधल्याने इंजिनिअरिंगला महाडीबीटीवरून (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) लाभ घेतलाय. ऑनलाइन सेंटरवाले दादा म्हणाले, तिसऱ्याला मिळत नाही. खरं आहे का? आई पाटल्या मोडू म्हणते. मला ते होऊ द्यायचं नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

पांझरा
भाऊ, धुळे जिल्ह्यात एका कॉलेजात नऊ वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसलोय, म्हणून नीट सांगतो. दहा हजार भरू नको. आजच त्या सरांना नाही म्हणून कळव.

शिष्यवृत्तीसाठी व्यावसायिक कोर्सचा प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला लागतो. संस्थास्तर किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या सीटला फी सवलत बसत नाही, मग तुझं उत्पन्न शून्य असलं तरी. 'आम्ही पाहून घेऊ' याला काही अर्थ नसतो. अर्जात प्रवेशाचा प्रकार भरावा लागतो आणि वाटपपत्र जोडावं लागतं. ते तू कुठून आणशील? दरवर्षी अशी पाच-सहा पोरं माझ्या टेबलासमोर उभी राहतात. बापाने व्याजाने पैसे काढलेले असतात आणि माझ्याकडे त्यांना द्यायला काहीच नसतं.

आता तिसऱ्या मुलाचं. सेंटरवाले बरोबर बोलले. ओबीसींच्या योजनांत एका घरातल्या दोनच मुलांना लाभ आहे, मुलींच्या संख्येला मर्यादा नाही. अर्जात घरातले लाभार्थी किती, हा रकाना आहे. तिथे खोटं लिहू नको, कोणी सुचवलं तरी. दोन्ही भावांची नावं त्याच पोर्टलवर आहेत. अर्ज बाद झाला तर परवडेल, पण वसुलीची नोटीस आली तर घर हादरतं.

आणखी एक, जे कोणी आधी सांगत नाही. एका पातळीवर एकदाच लाभ असतो. एक पदव्युत्तर करून दुसऱ्या पदव्युत्तरला आलास तर नाही. व्यावसायिक कोर्सकडून साध्या कोर्सकडे वळलं तरी अडतं. तुझ्या घरचा कोटा संपलाय म्हणून तुला याने फरक पडत नाही, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्या पोरांनी लक्षात ठेवा.

भुसावळची_लेक
पांझरा काकांचा पहिला सल्ला दोनदा वाच, दादा. मी अशाच फोनवर विश्वास ठेवून एमबीएला संस्थास्तरावर गेले. कॉलेजचं नाव घेत नाही. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. माझ्या खोलीतल्या मुलीला ती मिळाली, मला नाही. ती कॅपमधून आली होती, एवढाच फरक. पप्पांनी पतपेढीचं कर्ज काढलं, त्याचे हप्ते अजून मी फेडतेय.

तुला एक वाट सांगते. यूजीसीची पदव्युत्तर अभ्यासासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती बघ. देशभरात १०,००० जागा, महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने, दोन वर्षं. पदवीच्या गुणांवर निवड होते. वय तिशीच्या आत आणि पहिल्या वर्षाला नियमित प्रवेश हवा. बहिस्थ चालत नाही. अर्ज महाडीबीटीवर नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा. ८.६ ला नक्की भर.

धडगावकर
मी अक्राणी महालातला, आदिवासी, सध्या पीएच.डी. करतोय. आमच्याकडे अडचण वेगळी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. वडील आश्रमशाळेत कायम झाले आणि माझा निर्वाह भत्ता बंद झाला. फ्रीशिप (फी माफी) मात्र राहिली, त्यामुळे फी वाचली. जेवणाचे आणि खोलीचे पैसे मात्र घरूनच यायचे.

पुढे पीएच.डी.चा विचार असेल तर आतापासून नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) अभ्यास धर. राज्याच्या संस्था पीएच.डी.साठी देतात त्या अधिछात्रवृत्तीवर भरवसा ठेवून बसू नको. २०२३ मध्ये राज्याने बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या जागा प्रत्येकी २०० वर आणून ठेवल्या. आम्हा आदिवासींसाठीची केंद्राची अधिछात्रवृत्ती साऱ्या देशात वर्षाला ७५० जणांना. मी दोनदा यादीत नव्हतो. दुसऱ्यांदा यादी पाहिली तेव्हा तोरणमाळच्या रस्त्यावर गाडी बाजूला लावून अर्धा तास नुसता बसून होतो. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची अधिछात्रवृत्ती) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहेत, आणि घरात भाऊ किती हे तिथे कोणी विचारत नाही. तुझा विषय रसायनशास्त्र, म्हणजे सीएसआयआर-नेट, विज्ञान विषयांची नेट. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातच देता येते. मला विचारशील तर एवढ्या एका कारणासाठी जळगाव घे.

अनेरकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सरांना नाही म्हणून सांगितलं. ते रागावले, पण ठीक आहे. एम.एस्सी. नक्की. आता राहण्याचा प्रश्न आहे. चोपड्याहून रोज एसटीने जाऊन प्रॅक्टिकल जमणार नाही.

पांझरा
चांगलं केलंस. राहण्यासाठी आधी ओबीसी वसतिगृहाचा अर्ज टाक. तिथे नंबर नाही लागला तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, तू जळगाव शहराचा रहिवासी नाहीस ते बरंच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० मिळतात. पण जिल्ह्याला ६०० जागांचीच मर्यादा आहे, म्हणून अर्ज सुरू झाल्या झाल्या भर. दोन भावांची अट तिथे कशी धरतात ते जळगावच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचार, फोनवर नको. विद्यापीठात कमवा व शिका आहे का, तेही प्रवेशाच्या दिवशीच विचारून घे.

पैसे उशिरा येतात, हे धरूनच चाल. पहिल्या सत्राचं जेवण आणि भाडं हाताशी ठेव.

आणि आधार कार्डाला कोणतं खातं जोडलंय ते बघून घे. गेल्या वर्षी शिरपूरकडच्या एका पोराचे पैसे चार महिने सापडेनात. शेवटी कळलं, गावात शिबिर लागलं होतं तेव्हा त्याने अंगठा देऊन एक खातं उघडलं होतं आणि पैसे तिकडे पडत होते. पासबुक कधी आलंच नव्हतं, म्हणून तो ते विसरूनही गेला होता.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. जुना असेल तर सोमवारीच सेतूत जा. तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड आणि वडिलांचा सातबारा सोबत ने. नॉन-क्रिमिलेअरही त्याच फेरीत टाकून दे.

अनेरकाठ
काका, आत्ताच बँकेत विचारून आलो. माझंही आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं निघालं. उद्या बदलायला अर्ज देतो.