आरव्हीतून फिरताना फुकटचं गाणं-बजावणं: शिकागो ते डेन्व्हर, सल्ला हवा

पाचवा_गिअर

मंडळी, मदत हवी आहे. आई-बाबा या उन्हाळ्यात इकडे अमेरिकेत येताहेत. मागच्या खेपेला त्यांना विमान, हॉटेल, धबधबा, पुन्हा विमान असं पळवलं आणि दोघंही दमून गेले. म्हणून या वेळी २५ फुटी क्लास सी आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी चालतं-फिरतं घर असलेली गाडी, भाड्याने घ्यायचं ठरवलंय. शिकागोहून निघायचं आणि साउथ डकोटामार्गे डेन्व्हरला पोचायचं. जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा मध्य, हाताशी अडीच आठवडे. मी, बायको, आई आणि बाबा.

बाबा पेटी वाजवतात. कुठे चार वाद्यं एकत्र दिसली की ते तिथून हलत नाहीत. आईला गाण्यापेक्षा गाण्याला आलेली माणसं बघण्यात जास्त रस. गाडीचं भाडं, गॅस (म्हणजे गाडीचं पेट्रोल), कॅम्पग्राउंड यातच खिसा रिकामा होणार आहे, त्यामुळे वर चौघांची तिकिटं काढणं जमणार नाही. उन्हाळ्यात गावोगावी बागेत फुकट कार्यक्रम होतात असं ऐकून आहे. कुठे? कधी? आणि एवढं धूड लावायचं कुठे?

प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, ती माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे.

सतरंजीवाली

अखेर कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला! आम्ही दोघं सहा उन्हाळे असेच फिरलोय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

पहिली गोष्ट म्हणजे नकाशा नंतर उघडा, आधी आठवड्याचे वार लिहून काढा. हे फुकटचे कार्यक्रम रोज नसतात. प्रत्येक गावाचा आपला वार ठरलेला असतो आणि तो हुकला की पुढच्या आठवड्यापर्यंत बागेत फक्त खारूताई. तुमच्या रस्त्यावर वार असे बसतात.

शिकागोला मिलेनियम पार्कात ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल असतो. १९३५ पासून चालू आहे. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, मुख्यतः बुधवार, शुक्रवार, शनिवार संध्याकाळी. पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि कोरस, आणि हिरवळीवर बसायला एक पैसा नाही. पुढच्या काही खुर्च्या सभासदांच्या असतात, त्यांच्याकडे बघूही नका. हिरवळीवर डोक्यावरून पोलादी नळ्यांची जाळी गेलेली आहे आणि तिला स्पीकर टांगलेत, त्यामुळे अगदी मागे बसलात तरी व्हायोलिन नीट ऐकू येतं. तुमच्या बाबांना ही जाळी आधी दाखवा, मग रंगमंच.

मॅडिसनला विस्कॉन्सिन चेंबर ऑर्केस्ट्राचं 'कॉन्सर्ट्स ऑन द स्क्वेअर'. कॅपिटलच्या (राज्याच्या विधानभवनाच्या) इमारतीभोवतीच्या हिरवळीवर, १९८४ पासून, बुधवारी संध्याकाळी, जूनच्या अखेरीपासून जुलै संपेपर्यंत. आम्ही गेलो त्या वर्षी दुपारी तीनच्या आधी सतरंजी अंथरू देत नव्हते. तीन वाजता लोक जे धावले, ते बघायला तुमच्या आईंना घेऊन जाच.

सू फॉल्सला लेव्हिट. हा खुला मंच धबधब्याच्या बागेजवळ २०१९ साली सुरू झाला. उन्हाळ्यात पन्नासेक कार्यक्रम, सगळे फुकट. शुक्रवार-शनिवार धरून चाला. डेन्व्हरलाही रूबी हिल पार्कात लेव्हिट आहे, २०१७ चं. अशी ठिकाणं देशभर आहेत आणि त्यांच्यामागे मॉर्टिमर लेव्हिट यांच्या नावाची संस्था आहे. हे गृहस्थ मापाचे शर्ट शिवून देणाऱ्या दुकानांवर श्रीमंत झाले. शर्टाच्या पैशावर आपण सॅक्सोफोन ऐकतो, काय वाईट?

आणि डेन्व्हरला रविवारी संध्याकाळी सहा ते आठ सिटी पार्क जॅझ. जून ते ऑगस्टची सुरुवात.

म्हणजे तुमच्या तारखा चुकल्यात. दोन आठवडे अलीकडे या.

मैलाचा_दगड

तारखांबद्दल ताईंना दुजोरा, आणि त्याहून मोठं कारण देतो. ऑगस्टच्या पहिल्या पूर्ण आठवड्याच्या सुमारास साउथ डकोटात स्टर्जिसची मोटरसायकल रॅली असते. लाखो दुचाक्या. रॅपिड सिटीपासून ब्लॅक हिल्सपर्यंत कॅम्पग्राउंड मिळत नाही, आणि मिळालं तर भाव ऐकून परत फिराल. इंजिनांचा आवाज फुकट ऐकायचा असेल तर मात्र अवश्य जा.

आता मुख्य इशारा. शिकागोत आरव्ही घालू नका. तुमच्या गाडीची उंची छतावरच्या एसीसकट ११-१२ फूट भरेल. शिकागोत रेल्वेखालचे बुटके पूल जागोजागी आहेत. माझ्या ओळखीच्या एकांनी एसीचं झाकण तिथेच सोडलं (एक म्हणजे मीच). गाडी ताब्यात घेतल्या घेतल्या उंची जाड अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. साध्या गाडीचा नकाशा पुलांची उंची मोजत नाही.

पाचवा_गिअर

मग मिलेनियम पार्कला जायचं कसं? तेच तर सगळ्यात जास्त हवंय.

मैलाचा_दगड

रेल्वेने. इंडियाना ड्यून्स स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडात मुक्काम करा. विजेच्या हुकअपची (गाडीला वीज जोडता येते अशी) जागा मिळते. पार्काच्या तोंडाशीच साउथ शोअर लाइनचं ड्यून पार्क स्टेशन आहे. ही गाडी थेट मिलेनियम स्टेशनला जाऊन थांबते, तिथून वर आलात की बाग समोर. राज्य बदललं तरी घड्याळ बदलत नाही, तो कोपरा शिकागोच्याच वेळेवर चालतो. फक्त कार्यक्रमाला निघायच्या आधी परतीची शेवटची गाडी बघून ठेवा. आणि कॅम्पग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, उन्हाळ्यातले शनिवार-रविवार तेव्हाच उडतात. शुक्रवारच्या कार्यक्रमासाठी जागा नाही मिळाली तर बुधवार धरा.

रिकामटेकडा

वाचतोय. वाचनखूण साठवली.

एक विरोधी मत मांडू का? आरव्ही घेऊन मोठ्या शहरांमागे लागण्यात मजा नाही. ज्या गावात ऑर्केस्ट्रा नाही तिथे जा. तुम्ही मॅडिसनहून सू फॉल्सकडे जाणार ना? मग आंतरराज्य महामार्ग सोडा आणि डब्यूककडून आयोवात उतरून हायवे २० धरा. वाटेत फोर्ट डॉज नावाचं गाव लागतं. कार्ल किंग नावाचा सर्कशीच्या बँडचा एक नावाजलेला माणूस १९२० मध्ये तिथे येऊन राहिला आणि १९७१ मध्ये मरेपर्यंत गावाचा बँड चालवत राहिला. आजही त्याच्या नावाचा बँड जून-जुलैत रविवारी संध्याकाळी ओलेसन पार्कातल्या बँडशेलवर (शिंपल्यासारख्या छताच्या खुल्या मंचावर) वाजवतो. बँडशेलही त्याच्याच नावाचं.

आणि हा बँड टिकला कसा, ते तुमच्या बाबांना सांगा. आयोवाने १९२१ साली कायदा केला की गावकऱ्यांनी मतदान करून ठरवलं तर गावाला बँडसाठी कर लावता येईल. रस्त्यासाठी नाही, नळासाठी नाही, ट्रंपेटसाठी कर! किंगने या कायद्याच्या नावाने एक मार्चसुद्धा (बँडची संचलनाची धून) लिहिला.

सतरंजीवाली

रिकामटेकडा, तुमचं नाव बदला हो. हे मलाही ठाऊक नव्हतं.

आणि ते म्हणताहेत ते अगदी खरं आहे. गावाच्या बँडला गेलं की क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बाई दिवसा बँकेत भेटतात. बऱ्याच ठिकाणी बाजूला चर्चची किंवा शाळेची मंडळी आइस्क्रीम आणि 'पाय' (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) विकत असतात. पाटीवर 'फ्रीविल डोनेशन' लिहिलेलं असतं. म्हणजे द्याल ते, पण काहीतरी द्यायचंच. चौघांनी आइस्क्रीम खाऊन एक डॉलर टाकू नका, लोक बघतात. मंचापुढे टोपी फिरली तरी तेच. कार्यक्रम आपल्याला फुकट असतो, वाजवणाऱ्याला गॅस भरावाच लागतो.

अशा गावांचे कार्यक्रम शोधायचे कसे? इंटरनेटवर अर्धेच सापडतात. गावात शिरलात की पब्लिक लायब्ररीत जा, दाराजवळच्या फळ्यावर सगळं चिकटवलेलं असतं. एसी, स्वच्छतागृह आणि वायफाय हे वरकड. कॅम्पग्राउंडवर कॅम्प होस्ट असेल तर त्याला विचारा. हे बहुधा निवृत्त जोडपं असतं आणि कुणी विचारायला येईल म्हणून वाटच बघत असतं. "आज रात्री गावात काय आहे?" एवढं विचारा आणि खुर्ची ओढून बसा, अर्धा तास गेला म्हणून समजा.

नभांगण

गाडी लावण्याचं कोणी बोललंच नाही, म्हणून मी लिहिते. क्लास सीचा तोटा हा की घर आणि गाडी एकच. गावात जायचं तर वीज-पाण्याच्या नळ्या काढा, कपाटं बंद करा, चहाचे कप आवरा, मग निघा. त्यामुळे ज्या दिवशी कार्यक्रम असेल त्या दिवशी आधी बागेत जायचं, मुक्कामी नंतर. चार वाजेपर्यंत पोचलात तर पार्किंग रिकामं असतं. कडेची जागा बघा आणि मागे घेऊन लावा, म्हणजे मागच्या चाकांमागचा भाग गवतावर जातो आणि गाडी दीड जागेत बसते. निघताना वळण एकदम घेऊ नका, शेपूट बाहेर फेकलं जातं आणि शेजारच्याचा आरसा जातो. मग आत बसून स्वयंपाक करा, आई-बाबांना तासभर आडवं होऊ द्या. हॉटेलात उतरलेल्यांना हे सुख नाही.

कार्यक्रम संपल्यावर मात्र तिथेच झोपायचा विचार नको. बागा रात्री बंद होतात आणि काठी ठोकायला पोलीस येतो. रात्रीचा कॅम्पग्राउंड ठरलेलाच हवा, आणि अंधारात पोचणार असाल तर कार्यालयाला आधी फोन करा. वॉलमार्टच्या आवारात रात्र काढता येते असं सगळे सांगतात, पण ते त्या-त्या दुकानाच्या मॅनेजरवर आणि गावाच्या नियमांवर असतं. आत जाऊन विचारायचं. नाही म्हणाले तर नाही.

जनरेटर बागेत लावू नका. गाण्यावर घरघर आणलीत तर लोक डोळ्यांनीच हाकलतील. शिवाय भाड्याच्या गाडीला जनरेटरचे तास मोजून पैसे लावतात. मैलांचंही तसंच, करार वाचा. गाडी शिकागोला घेऊन डेन्व्हरला सोडणार असाल तर त्याचे वेगळे.

पाचवा_गिअर

बाप रे, एवढं सगळं! तारखा अलीकडे आणतोय. चार जुलैला, म्हणजे इकडच्या स्वातंत्र्यदिनी, निघावं का? त्या दिवशी सगळीकडेच बँड असतील.

मैलाचा_दगड

असतात, पण कॅम्पग्राउंडात पाय ठेवायला जागा नसते. त्या सुट्टीची गर्दी ओसरू द्या, मग निघा.

सतरंजीवाली

असं करा. शुक्रवारी शिकागो. दोन-तीन दिवस ड्यून्सच्या वाळूत काढा. बुधवारी मॅडिसन. रविवारी फोर्ट डॉज, मधले दिवस मिसिसिपीच्या काठाने रमतगमत. पुढच्या शुक्रवारी सू फॉल्स. मग साउथ डकोटातलंच बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान. तिथे गाणं नाही, पण उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडच्या अँफिथिएटरात रेंजर (उद्यानाचे कर्मचारी) रात्री बोलतात आणि दुर्बिणीतून आकाश दाखवतात, तेही फुकट. वेळ व्हिजिटर सेंटरच्या फळ्यावर बघा. आणि पश्चिमेकडे जाताना साउथ डकोटाच्या मध्यात घड्याळ एक तास मागे करायचं असतं. आम्ही ते विसरलो आणि एक तास आधी जाऊन रिकाम्या बाकांसमोर बसलो. शेवटच्या रविवारी डेन्व्हर. तिथे सूर्य गेला की गारवा पडतो, आई-बाबांची स्वेटरं वरच्या कपाटात ठेवा.

रिकामटेकडा

जुलैत त्या सपाट मुलखात संध्याकाळची वादळं येतात. निघायच्या आधी आयोजकांचं फेसबुक पान बघा, कार्यक्रम रद्द किंवा शाळेच्या हॉलमध्ये हलवला असेल तर तिथेच कळतं. आणि वादळाच्या इशाऱ्याचा सायरन वाजला तर आरव्हीत थांबायचं नाही. कॅम्पग्राउंडची पक्क्या भिंतींची न्हाणीघरं असतात, तिथे पळायचं. पोचल्या पोचल्या ती कुठे आहेत ते आईंना दाखवून ठेवा, तुम्हाला नाही. घाबरल्यावर रस्ता त्यांच्याच लक्षात राहील.

पाचवा_गिअर

हा हा, आईला ओळखता वाटतं तुम्ही. शेवटचा प्रश्न. बाबांना खाली बसता येत नाही, गुडघे. साध्या उंच फोल्डिंगच्या खुर्च्या चालतात का?

सतरंजीवाली

चालतात, पण बऱ्याच ठिकाणी उंच खुर्च्या मागे किंवा कडेला लावायला सांगतात, पुढचा भाग सतरंज्या आणि बुटक्या खुर्च्यांचा. काकांसाठी हातांची उंच खुर्ची घ्या आणि कडेची जागा धरा. रिकामी खुर्ची ठेवून जागा धरलेली छोट्या गावात सगळे मानतात, कुणी हलवत नाही. बँडशेलच्या डाव्या कडेला बसवा, पितळी वाद्यांचा मारा सहसा उजवीकडे असतो. आणि डासांचं मलम. ते विसरलात तर काका मध्यंतरालाच उठतील, पेटीवाले असले तरी.