मास कॉमला खोटी बातमी ओळखायला शिकवतात, ते दहावीतच का नाही?

मानेवाड्याची_पोर: मी नागपुरात मास कॉमच्या (पत्रकारितेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवते नं? आमच्या व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर आलं, 'अंबाझरी तलाव फुटला, पळा'. आम्ही मानेवाड्यात, अंबाझरी कुठे! तरी बाबांनी आजीला गादीसकट वरच्या मजल्यावर नेलं. तलाव फुटला नव्हता, ओव्हरफ्लो झाला होता. त्याने डागा लेआउटमध्ये घरं बुडाली ते खरंच, पण 'फुटला' म्हटलं की अख्खं शहर रस्त्यावर येतं. त्या मेसेजवर दोन बाण होते, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला. ती खूण मला कॉलेजात कळली. हे दहावीत शिकवा, मार्कांसकट.

जुना_डेस्कवाला: मार्क ठेवले की गाइड येईल. 'खोट्या बातमीची पाच लक्षणे लिहा.' पोरं पाठ करतील आणि घरी येऊन तेच फॉरवर्ड करतील. एकोणीस वर्षं पेपरात बातम्यांच्या डेस्कवर काढली, पुस्तकातून काही आलं नाही. रात्री दीडला फोन करून 'तू स्वतः पाहिलं का?' विचारायची सवय लागते, तीही शिव्या खाऊन. पेपरच्या तळाची बारीक ओळ वाचता का कधी? मुद्रक, प्रकाशक, संपादक. मुद्रक-प्रकाशकाची नावं 1867 च्या कायद्यापासून छापावी लागतात, संपादकाचं नंतर आलं. भांडायला दार तरी असतं.

मानेवाड्याची_पोर: काका, दार होतं तरी 2009 च्या निवडणुकीत पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, आलीच नं? प्रेस कौन्सिलला चौकशी करावी लागली. तळाची ओळ तेव्हाही होती.

जुना_डेस्कवाला: हो, आली. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ती पकडली कोणी? पत्रकारांनीच.

तर्री_कमी_टाका: काहून भांडून राह्यले बाप्पा! राईनपाडा विसरले का? 1 जुलै 2018, धुळे जिल्हा. पोरं पळवणारी टोळी आली म्हणून अफवा, अन् भिक्षा मागणारे पाच जण गावाने ठेचून मारले. त्या गर्दीत दहावी पास कोणीच नसंल का? भीती चढली की धडा आठवत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली. ब्रेक गाडीलाच पाहिजे.

दोन_पोरांची_आई: माझी तक्रार उलटी आहे. शाळेत एक कार्यशाळा झाली, तेव्हापासून मोठा प्रत्येक गोष्टीला 'सोर्स काय?' विचारतो. हवामान खात्याचा इशारा आला तरी 'हे पण फेकच' म्हणून क्लासला निघाला. संशय घ्यायला शिकवलं, विश्वास कुठे ठेवायचा ते राहूनच गेलं.

मानेवाड्याची_पोर: काकू, हे पटलं. आमच्या वर्गातही अर्धे असेच झालेत (मीही).

आज बाबांना ते दोन बाण दाखवले. म्हणाले, "हे दिसत होते गं. मला वाटलं, इतक्या लोकांनी खात्री करून पुढे पाठवलंय."