परदेशी साइटवरून थेट बुकिंग करून पैसे वाचले का? तुमचे अनुभव लिहा

आम्ही दोघं आणि सासूबाई-सासरे असे चौघं 2024 च्या सप्टेंबरात बर्लिन, प्राग, व्हिएन्ना करून आलो. टूरवाल्याचं कोटेशन बघून सासरे म्हणाले, तुम्ही दोघं जाऊन या, आमचं राहू दे. ते मला फार लागलं, म्हणून मी स्वतःच बुकिंगला बसले. रोज रात्री स्वयंपाकघर आवरलं की लॅपटॉप उघडायचा, असं दीड महिना चाललं.

सगळ्यात जास्त पैसे वाचले ते बर्लिन-प्राग गाडीत. आपल्याकडे सर्च केल्यावर जी मधली, म्हणजे मध्यस्थाची, साइट पहिली येते तिच्यावर चौघांचे मिळून 21 हजारांच्या पुढे दाखवत होते. मग भावाच्या मित्राने सांगितलं की ही गाडी जर्मनी आणि चेक दोन्ही रेल्वे मिळून चालवतात, तर चेक रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर बघ, म्हणजे चेस्के द्राही. तिथे तीच गाडी, तीच वेळ, तोच डबा, आणि चौघांचे सीट रिझर्व्हेशन धरून साडेआठ हजारांच्या आत! मी तीनदा तारीख तपासली, माझा विश्वासच बसेना. साइटला इंग्रजीचा पर्याय आहे, फक्त एक लक्षात ठेवा, तिथे तिकीट वेगळं आणि जागा वेगळी. यीज्देन्का म्हणजे तिकीट आणि मीस्तेन्का म्हणजे सीट. नुसतं तिकीट घेतलं तर गाडीत चढता येतं पण बसायला जागा मिळेलच असं नाही, आणि सत्तरीच्या माणसांना चार-साडेचार तास उभं ठेवून कसं चालेल, म्हणून मीस्तेन्का घ्याच. प्रागला जाताना डावीकडची खिडकी मागा, ड्रेस्डेन सोडलं की एल्बे नदी कितीतरी वेळ गाडीच्या अगदी शेजारून वाहते. सासूबाई दशम्या-चटणीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तो उघडायचं भान त्यांना थेट प्रागच्या अलीकडे आलं.

तुम्ही असं थेट तिकडच्या साइटवरून काही बुक केलंय का? फायदा झाला असेल तर लिहा, फटका बसला असेल तर तेही नक्की लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

म्युनिकहून

ताई, तुम्ही केलंत ते अगदी बरोबर. मी इथे सात वर्षं आहे आणि आई-बाबा आले की हाच उद्योग असतो. दोन देशांमधून जाणारी गाडी असेल तर दोन्हीकडच्या रेल्वेच्या साइट उघडून बघायच्या. प्रत्येक रेल्वेचा स्वस्त तिकिटांचा आपापला कोटा असतो, एकीकडचा संपला तरी दुसरीकडे शिल्लक असू शकतो. ऑस्ट्रियन रेल्वेच्या या तिकिटांना श्पारशीने म्हणतात, म्युनिकहून व्हेरोना-व्हेनिसला जाताना मी आधी तिथेच बघतो. जर्मन रेल्वेचं श्पारप्राइस पण लवकर घेतलं तर छान मिळतं, बुकिंग बरेच महिने आधी उघडतं.

पण या स्वस्त तिकिटांना एक अट असते, त्सूगबिंडुंग. म्हणजे ज्या गाडीचं तिकीट तीच गाडी, मागच्या-पुढच्या गाडीत चालणार नाही. आता सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर ही अट गळून पडते, पुढच्या गाडीने जाता येतं. पण तुम्ही पैसे वाचवायला दोन तुकडे करून दोन वेगळी तिकिटं काढलीत तर दुसरं तिकीट फुकट जाऊ शकतं. म्हणून तुकडे करायचेच असतील तर मध्ये दीड-दोन तास मोकळे ठेवा, तेवढ्यात कॉफी घ्या. आणि गाडी पोचायला तासभर उशीर झाला तर तिकिटाचे 25 टक्के आणि दोन तास झाला तर 50 टक्के परत मागता येतात, युरोपियन युनियनचा नियमच आहे तो. अर्ज मात्र ज्याच्याकडून तिकीट घेतलं त्याच्याकडे.

बव्हेरियात फिरणार असाल तर बायर्न टिकिट विसरू नका. पाच जणांपर्यंत एकच तिकीट, दिवसभर सगळ्या लोकल गाड्या, सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतर. ते ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत चालतं. आई-बाबा, मावशी-काका आणि मी असे पाच जण त्यावर साल्झबुर्गला जाऊन आलो, माणशी खर्च इतका कमी आला की काका संध्याकाळपर्यंत तोच हिशोब परत परत करत होते.

कोल्हापूरहून

मी बँकेत 31 वर्षं काढली, त्यामुळे तिकिटापेक्षा पैशाच्या बाजूचं सांगतो, कारण वाचवलेले पैसे लोक इथेच घालवतात. बहुतेक कार्डांवर परदेशी चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेची जादा आकारणी, असते, त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 4.13 टक्के. एक लाखाचं बुकिंग केलंत तर 4,130 रुपये असेच गेले. झिरो मार्कअपची कार्डं मिळतात, प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी एक काढून ठेवा.

दुसरं म्हणजे पैसे भरताना साइट प्रेमाने विचारते, रुपयांत भरता का? नाही म्हणायचं. तिथला रुपयाचा दर त्यांचा असतो आणि तो आपल्याला महागच पडतो. युरो असेल तर युरो, कोरुना असेल तर कोरुना, ज्या देशाची साइट त्या देशाचं चलन निवडायचं. माझ्या मेहुण्यांनी हॉटेलचे पैसे रुपयांत भरले, बिलावर आकडा रुपयांत दिसला म्हणून त्यांना बरं वाटलं, मी कागद घेऊन हिशोब मांडला तेव्हा साडेपाच टक्के जास्त गेले होते.

तिसरं, कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार सुरू आहेत का ते बघा. 2020 पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरापुरती चालू करून देतात, बाकीचं आपण ॲपमध्ये जाऊन सुरू करायचं आणि काम झालं की बंद करायचं. बऱ्याच परदेशी साइटवर ओटीपी न येताच पैसे कटतात, घाबरू नका, पण म्हणूनच बंद करायला विसरू नका. मर्यादा पण लावता येते, मी जेवढ्याचं बुकिंग तेवढीच मर्यादा ठेवतो.

आणि टीसीएसचं, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ कापून घेतात त्या कराचं. मी 2024 च्या जूनमध्ये पॅकेज विचारलं तेव्हा 7 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावरच्या रकमेला 20 टक्के टीसीएस होता. तिकीट आणि हॉटेल आपण वेगवेगळं थेट क्रेडिट कार्डावर घेतलं तर तो लागला नाही. टीसीएस काही बुडत नाही, रिटर्नमध्ये मिळतो, पण पेन्शनवाल्या माणसाचे पैसे वर्षभर अडकून पडतात. हे दर बदलत असतात, तुम्ही जाल तेव्हाचे बघून घ्या.

ठाण्याहून

माझा फटका लिहिते. रोम-फ्लोरेन्स गाडी, परत न मिळणारं सगळ्यात स्वस्त तिकीट, तिघांचं. शुक्रवारचं काढायचं होतं, काढलं शनिवारचं. कारण काय, तर तिकडच्या साइटवर कॅलेंडर सोमवारपासून सुरू होतं! आपल्या डोळ्यांना रविवार पहिला बघायची सवय, मी आकडा न बघता सहावा रकाना दाबला. कळलं कधी, तर रोमला हॉटेलमध्ये बॅगा भरताना लेकीने तिकीट मोठ्याने वाचलं तेव्हा. आयत्या वेळी काढलेली तिकिटं अडीचपट पडली आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. आता माझा नियम आहे, पैसे भरायच्या आधी तारीख आणि वार दोन्ही घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचे. अमेरिकन साइट असेल तर अजून जपून, तिथे महिना आधी आणि तारीख नंतर.

लंडनहून

स्वस्त म्हणजे थेट असं समजू नका, हे मला जीव तोडून सांगायचंय. मी आई-बाबांचं मुंबई-लंडन तिकीट एका परदेशी मध्यस्थ साइटवरून काढलं, नाव देत नाही, विमान कंपनीच्या भावापेक्षा दोघांचे मिळून 6,200 रुपये कमी होते. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे बुकिंग करतानाच व्हीलचेअर टाकली होती, कन्फर्मेशनच्या मेलमध्ये तसं लिहूनही आलं. प्रत्यक्षात ती विनंती विमान कंपनीपर्यंत पोचलीच नव्हती. मुंबईला काउंटरवर सांगितलं तुमच्या नावावर व्हीलचेअर नाही. बाबांनी हातापाया पडून तासाभराने मिळवली, पण मधल्या स्टॉपला पुन्हा तेच, तिथे आई भिंतीला धरत धरत चालली. ती मला हे आठ दिवसांनी बोलली, तेही बाबांच्या तोंडून निघालं म्हणून.

परतीच्या विमानाची वेळ बदलली तेव्हा कंपनी म्हणाली एजंटशी बोला, एजंट म्हणाला कंपनीशी बोला. तेव्हापासून सगळ्या साइटवर भाव बघते, पण तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्याच साइटवर काढते आणि व्हीलचेअर फोन करून पुन्हा पक्की करते.

नाशिकहून

जपानचं सांगतो. सगळे सांगत होते जेआर पास, म्हणजे तिथल्या रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पास घे, जेआर पास घे. पण ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा साधा पास 29,650 येनवरून एकदम 50,000 येन झाला. टोकियो-क्योटो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट 14 हजार येनच्या आसपास, जाऊन येऊन 28 हजार, मग पास कशाला? मी स्मार्ट ईएक्स या तिथल्या रेल्वेच्याच ॲपवरून सुटी तिकिटं काढली, आपलं क्रेडिट कार्ड चाललं, लवकर काढल्याची सूट पण मिळाली. तीच तिकिटं मधल्या साइटवर सर्व्हिस चार्ज लावून विकत होते. क्योटोकडे जाताना ई नंबरची सीट घ्या, फुजी त्याच बाजूला दिसतो. आणि बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर जात असेल तर मागे बॅगेची जागा असलेली सीट निवडावी लागते, वेगळे पैसे नाहीत पण निवडावी लागते. मी घरीच टेप घेऊन बॅग मोजली, 163 भरली, मग दादाची छोटी बॅग नेली.

व्हीपीएन लावून, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं साइटला भासवून, विमानाचं तिकीट स्वस्त मिळतं असं ऐकून तीन रात्री तेही केलं. मला तरी दीड-दोनशे रुपयांपलीकडे फरक मिळाला नाही, तोही चलनाच्या दरामुळे.

मडगावहून

माझी बहीण लिस्बनला असते. पोर्तुगालच्या रेल्वेत 65 वर्षांवरच्या माणसाला अर्धं तिकीट, आणि त्याला तिथलं नागरिक असायची गरज नाही, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट पुरतो. पण ही सवलत मधल्या साइटवर मला दिसलीच नाही, तिथल्या रेल्वेच्या, म्हणजे सीपीच्या, साइटवर गेल्यावर मिळाली. पपा-मम्मी दोघं अर्ध्या पैशांत पोर्तोला जाऊन आले. स्टेशनची नावं मात्र तिकडची टाका, लिस्बनला ओरिएन्ते किंवा सांता अपोलोनिया आणि पोर्तोला कांपान्या. इटलीत पण तेच, व्हेनिसला सांता लुसिया बघा, मेस्त्रे घेतलंत तर खाडीच्या अलीकडेच उतराल.

साताऱ्याहून

नेपाळबद्दल थोडंसं. काठमांडू-पोखरा विमानात भारतीयांचं भाडं वेगळं असतं आणि ते बाकीच्या परदेशी लोकांच्या डॉलरवाल्या भाड्यापेक्षा बरंच कमी. तिथल्या विमान कंपनीच्या साइटवर नागरिकत्व निवडायला विचारतात तिथे भारतीय टाकायचं. आम्ही आधी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय साइटवर बघत होतो, ती सरसकट डॉलरचाच भाव दाखवत होती. सोबत पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, काउंटरवर बघतात.

पुण्याहून

नुसत्या गाड्या-विमानंच नाही, बघायच्या जागांची तिकिटं पण थेट घ्या. ॲमस्टरडॅमचं ॲन फ्रँकचं घर बघायचं होतं, एजंट म्हणाला मिळणारच नाही. त्यांची तिकिटं फक्त त्यांच्या साइटवर मिळतात, दर मंगळवारी तिथल्या सकाळी 10 वाजता सहा आठवड्यांनंतरची खुली होतात, उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकली, माझ्यापुढे साइटवरच्या रांगेत बरेच जण दिसत होते, 40 मिनिटांनी नंबर लागला आणि दोन तिकिटं मिळाली. मिस्टरांना फोन केला तेव्हा मला नीट बोलताही येईना.

पुन्हा मीच, धागा काढणारी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! लंडनच्या ताई, तुमच्या आईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, आता कशा आहेत त्या? म्युनिकच्या दादांना एक विचारायचंय. पुढच्या वर्षी माझे आई-बाबा येणार आहेत, व्हिएन्ना-व्हेनिस रात्रीची गाडी करायची आहे, नाइटजेट. बाबांना वरच्या बर्थवर चढता येणार नाही, आणि आईला तर शिडी बघूनच धडकी भरते. बुक करतानाच दोघांना खालचे बर्थ पक्के मिळतात का, की सगळा कंपार्टमेंटच घ्यावा लागेल? कोणी त्या गाडीने गेलं असेल तर सांगा, मी आज रात्री त्यांची साइट उघडून बसणार आहे.